आरसेकाकांचं पोट आणि महाराणीचं स्टेअरिंग

आरसेकाका गाडी मागे घेताहेत हे गल्लीत कुणी डोळ्यांनी बघत नसे, कानांनीच कळायचं. काका मान मागे वळवायचे, त्याबरोबर पोट पुढे सरकून स्टेअरिंगवर टेकायचं. स्टेअरिंगच्या मधोमध हॉर्नचं बटण होतं. मग पोट टेकलेलं असेपर्यंत पींऽऽऽ सुरूच. डावीकडे वळताना एक तुटक पीं, उजवीकडे वळताना जरा मोठी, आणि शिंक आली तर तिचीही वेगळी. समोरच्या न्हाव्याने तर सवयच लावून घेतली होती. गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा टेकवण्याआधी तो एकदा दारातून डोकावायचा आणि विचारायचा, "काका, निघताय का? मग थांबतो जरा."

काकांचं दुकान काचांचं आणि आरशांचं. पुढे दुकान, मागे फरशीचं अंगण, वर दोन खोल्या, तिथे काका आणि काकू. अंगणात उभी असायची महाराणी. महाराणी म्हणजे काकांची पिकअप गाडी, हिरवीगार, लांब नाकाची, काकांच्या लग्नाच्याही आधीची. तिचं दार उघडताना थोडं वर उचलावं लागे, नाहीतर ती हटून बसे. मागच्या हौद्यात लाकडी घोडा होता, त्यावर काचा तिरप्या उभ्या राहायच्या. पुढे एकच सलग सीट, तीही थेट मागच्या पत्र्याला टेकलेली. त्यामुळे "काका, सीट मागे घ्या की," असा सल्ला देणाऱ्यांना काका नुसते हात जोडायचे.

लग्न नवं असताना काकू एकदा हौसेने स्टेअरिंगमागे बसल्या होत्या. काकू अंगाने चिमुकल्या. "काय दिसतंय?" काकांनी खालून विचारलं. "हॉर्नचं बटण आणि आभाळ," काकू म्हणाल्या. दोघंही खूप हसले, आणि काकू सरकून खिडकीशी बसल्या, त्या कायमच्या.

आता काकांच्या पोटाबद्दल सांगायलाच हवं, कारण लोकांचा उगाच गैरसमज होतो. काका खादाड नव्हते. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ते दुकानातल्या फूटपट्टीसारखे होते, सरळ आणि सपाट. मग काकू आजारी पडल्या. आजार लांबला, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे काकूंच्या घशाखाली अन्न उतरेना. डॉक्टर म्हणाले, औषध आम्ही देऊ, पण खायला हवं. काकू भिंतीकडे तोंड करून पडायच्या. शेवटी एका दुपारी काका भाताची ताटली घेऊन पलंगावर बसले आणि म्हणाले, "मी एक घास घेतो, मग तू एक घे. मी थांबलो तर तूही थांब." काकूंना तो सौदा पटला. त्या काकांच्या ताटलीकडे बघत राहायच्या. काकांचा घास गेला की त्यांचा चिमणीएवढा घास जायचा. काकूंना खावंसं वाटावं म्हणून काका मोठमोठे घास घ्यायचे, डोळे मिटून, मान डोलावत. भात झाला, अंडी झाली, उकडलेले बटाटे झाले, दुधात बुडवलेली बिस्किटं झाली. असं वर्षभर चाललं. काकूंच्या अंगावर मूठभर मांस चढलं, आणि काकांच्या अंगावर पोतंभर.

त्याच दिवसांत काकांनी तिला शब्द दिला होता. एका फार वाईट दुपारी, ती बोलेनाशी झाली तेव्हा. "बरी झालीस की महाराणीतून समुद्रावर नेतो. मी चालवीन, तू खिडकीशी बस." काकूंनी तोंड न वळवता विचारलं होतं, "नक्की?" काका म्हणाले होते, "नक्की." पुढे कितीतरी दिवस काकांनी त्या एका 'नक्की'ला धरून काढले.

आणि काकू बऱ्या झाल्या! डॉक्टर म्हणाले, आता एकदम पुढच्या वर्षी दाखवायला या. दवाखान्याच्या जिन्यातच काकूंनी विचारलं, "मग समुद्र कधी?"

"येत्या रविवारी," काका म्हणाले.

रविवारी काकू नवा रुमाल बांधून, पाव आणि थर्मास टोपलीत घालून खिडकीशी बसल्या. काकांचं पोट हल्ली आणखीच पुढे आलेलं; त्यांनी श्वास ओढून ते आत घेतलं, गाडी सुरू केली, आणि गल्लीच्या तोंडाशी वळण आलं. तिथे नेमका श्वास संपला. पोट बाहेर आलं, स्टेअरिंग त्यात रुतलं, ते ना इकडे फिरे ना तिकडे. महाराणी सावकाश, अगदी राणीच्या थाटात, सरळ गेली आणि न्हाव्याच्या दारातल्या बाकाला टेकून उभी राहिली. हॉर्न अखंड. अख्खी गल्ली बाहेर आली. न्हाव्याचं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीचा फेस घेऊन आलं. काकू हसता हसता खाली उतरल्या आणि न्हाव्याच्या पायरीवरच बसल्या.

डोळे पुसत त्या म्हणाल्या, "जाऊ दे हो. बसने जाऊ आपण. समुद्र तोच असतो."

प्रेमानेच म्हणाल्या, पण काकांना ते फार लागलं. शब्द बसचा दिलेला नव्हता. तिला समुद्रावर कुणी नेणार असेल तर ते काकाच, आणि महाराणीतूनच. नाहीतर त्या वाईट दुपारी आपण तिला खोटंच सांगितलं, असं त्यांना वाटलं असतं, आणि ते त्यांना सोसवलं नसतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी जेवण कमी करायचं ठरवलं. ताटलीत अर्धं तसंच ठेवून हात धुवायला उठले. काकूंचा हात आपोआप थांबला. सवय ती सवय. काकांची ताटली थांबली की काकूंचीही थांबायची, त्यांना स्वतःला कळायचंही नाही. काका मुकाट्याने परत बसले आणि अर्ध्याच्या जागी सगळं संपवलं. पोट काही हटणार नाही, हे ठरलं. मग हटायला हवं होतं स्टेअरिंगने.

तेव्हा काका गेले भंगारवालीकडे. गावाबाहेर तिचं मोठं आवार होतं, मोडक्या गाड्या एकीवर एक रचलेल्या. ती स्वतः एका पत्र्याच्या शेडमध्ये बसायची, हातात पाना, पायात पुरुषी बूट. काकांचं म्हणणं ऐकून तिने एकवार पोटाकडे पाहिलं आणि त्यांना एका लांबलचक मोटारीपाशी नेलं. मोटारीला चाकं नव्हती, काचा नव्हत्या, पण स्टेअरिंग होतं. "बसा," ती म्हणाली. "ती बारकी दांडी दिसतेय ना डावीकडे? ओढा."

काकांनी ओढली. टक! स्टेअरिंग उसळून वर गेलं. काकांनी ते खाली दाबलं. टक, टक, टक, एकेक खाचा धरत खाली आलं. परत ओढली. टक! वर. पोटावर वारा लागला. काकांना असं हसू फुटलं की ती चाकं नसलेली मोटारही हलू लागली.

"पुरे हो काका," भंगारवाली म्हणाली. "अख्खा दांडा खोलून देते, खालच्या सांध्यासकट. पैसे नकोत. मला शेडमध्ये एक आरसा लावून द्या, डोक्यापासून बुटापर्यंत दिसेल असा. इथे दिवसभर गाड्यांच्या आरशात माझं नुसतं नाक दिसतं."

दांडा घरी आला. मदतीला आला मेहुणा, म्हणजे काकूंचा धाकटा भाऊ. मेहुणा शिंपी होता. गाड्यांतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण दाजींचं काम म्हटल्यावर तो गळ्यात टेप घालूनच आला. "आधी पोटाचं माप घेऊ," तो म्हणाला. काका सीटवर ताठ बसले.

"दाजी, श्वास सोडा."

"सोडलाय."

"सगळी गिऱ्हाइकं असंच म्हणतात. सोडा!"

काकांनी सोडला. टेप मेहुण्याच्या हातून निसटला.

जुना दांडा निघायला अर्धा दिवस गेला. डॅशबोर्डखालची पकड सैल केली, पायांजवळची पत्र्याची झाकणी काढली, पुढे इंजिनापाशी स्टेअरिंगचा डबा होता, तिथला सांधा सोडवला. अंगणात भिंतीला आरसे टेकवून ठेवलेले होते, त्यामुळे एक काका गाडीखाली आणि दहा काका आरशांत, सगळे एकदमच घामाघूम. नवा दांडा आला तो बराच लांब. खालचा रॉड कापावा लागणार होता. आणि खरी गंमत इथेच झाली.

काकांची आयुष्यभराची शिस्त अशी, की काच कधी चौकटीच्या मापाची कापायची नाही. चौकट मोजायची आणि एक सूत कमी कापायची. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तेवढी फट नसेल तर काच बसत नाही, आणि दाबून बसवली तर तडकते. मेहुण्याची शिस्त बरोबर उलटी. तो मापाहून जास्त कापणार, शिवणीत माया, म्हणजे जादा कापड, सोडणार.

"कमी कापलेलं परत वाढत नाही, दाजी."

"आणि जास्त कापलेलं आत जात नाही, बाबा."

यावर तासभर वाद झाला. शेवटी तह झाला. दाजींनी आपल्या पद्धतीने एक सूत कमी मोजायचं, मेहुण्याने आपल्या पद्धतीने एक सूत वाढवून खूण करायची, म्हणजे हिशेब जागेवर. काकांनी मोजलं, एक सूत कमी केलं. मग मनात आलं, हा शिंपी एकावर थांबणारा नाही, दोन वाढवेल. म्हणून त्यांनी गुपचूप आणखी एक सूत कमी केलं. इकडे मेहुण्याच्या मनात आलं, दाजी वयाने मोठे, आपण कशाला त्यांच्या मापात लुडबुड करा? त्याने काहीच वाढवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने दाजींच्या मापाला मान दिला, तोही नको त्या वेळी. आणि करवत चालवताना काकांचा हात सवयीने खुणेच्या आतल्या बाजूने गेला, त्यात आणखी एक सूत गेलं.

रॉड बसवून पाहिला. त्याचं टोक सांध्यात शिरायच्या ऐवजी नुसतं डोकावत होतं.

"किती कमी पडला?" मेहुण्याने विचारलं.

"तीन सूत," काका म्हणाले. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांनाही सगळं कळलं, आणि दोघंही एकदम ओरडू लागले. तू वाढवलं का नाहीस, तुम्ही दोनदा कमी का केलंत! आरशांतले सगळे दाजी सगळ्या मेहुण्यांवर ओरडत होते. जुना दांडा खोललेला, नवा कापलेला, आणि समुद्र जिथल्या तिथे.

वरच्या खिडकीत काकू कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी तोंडातला चिमटा काढला आणि म्हणाल्या, "अहो, मग तो अख्खा दांडाच पुढे ढकला ना. इंजिनाकडे. रॉड आपोआप आत जाईल."

"ताई," मेहुणा हळूच म्हणाला, "तू खाली ये."

ढकलला. झाकणीचं भोक कानशीने थोडं मोठं करावं लागलं, पकडीचे बोल्ट खाचेत पुढे सरकवावे लागले, पण अख्खा दांडा तीन सूत इंजिनाकडे गेला आणि रॉड सांध्यात पुरेपूर बसला. आणि दांडा पुढे गेला म्हणजे स्टेअरिंगही काकांपासून तीन सूत दूर गेलं! काकांनी बसून पाहिलं, श्वास सोडला, अगदी सगळा सोडला. पोट आणि स्टेअरिंग यांच्यात फट! चौकटीत काच बसावी तशी मोकळी, सुटसुटीत फट. काका सीटवर बसल्या बसल्या टाळ्या पिटू लागले. मेहुण्याने गळ्यातला टेप काढून हवेत फिरवला.

तारा तेवढ्या राहिल्या होत्या. त्या मेहुण्याने जोडल्या, दोरा जुळवतात तशा, रंगाला रंग लावून. पण दोन गाड्यांतले रंग काही एकमेकांना विचारून दिलेले नसतात. काकांनी डावीकडचा दिवा लावला तर हॉर्न वाजला, आणि हॉर्न दाबला तर उजवा दिवा डोळे मिचकावू लागला. पुन्हा सगळं उसवून जोडलं. मग आरसा बसवायच्या निमित्ताने काका महाराणीला हळूहळू भंगारवालीकडे घेऊन गेले. तिने गाडीखाली सरपटत जाऊन एकेक बोल्ट आवळून पाहिला, स्टेअरिंग दोन्ही हातांनी गदगदा हलवलं, आणि म्हणाली, "समुद्रच काय, त्याच्या पलीकडे गेलात तरी सुटायचं नाही." मग ती नव्या आरशासमोर उभी राहून बराच वेळ स्वतःचे बूट न्याहाळत राहिली.

परत येताना गल्लीचं वळण आलं. काका वळले. आवाज नाही. अंगणात गाडी उलटी घातली, मान पार मागे वळवून. आवाज नाही. न्हावी कंगवा हातात घेऊन धावत आला. "काका, बरं वाटत नाहीये का?"

रविवार आला. काका आंघोळ करून, भांग पाडून खाली आले, महाराणीचं दार उचलून उघडलं आणि उडी मारून आत बसले.

पींऽऽऽ!

स्टेअरिंग पोटात रुतलेलं, डोकं वर छताला लागलेलं. एवढं सगळं करून पुन्हा तेच? "मोडलं!" ते ओरडले. "अगं, मोडलं गं सगळं!" मग त्यांच्या लक्षात आलं, की काही मोडलेलं नाही. स्टेअरिंग अगदी खालच्या खाचेत ओढलेलं होतं. आणि डोकं छताला लागत होतं, कारण ते एका जाडजूड उशीवर बसले होते. नवी कोरी उशी, कडेने मेहुण्याची नेहमीची दुहेरी शिवण.

काकू टोपली घेऊन दुकानातल्या एका आरशासमोर उभ्या होत्या आणि स्वतःचा रुमाल अतिशय लक्ष देऊन सारखा करत होत्या.

"ही उशी कुणाची?"

"माझी."

"इथे कशी?"

"सकाळी जरा बसले होते. नुसतं बसून बघितलं हो."

"आणि ही शिवली कधी?"

"तुमच्या पोटाचं माप घेतलं ना, त्याच दिवशी. मी म्हटलं त्याला, माझंही घे."

काकांनी उशी काढून दोघांच्या मध्ये ठेवली आणि बारकी दांडी ओढली. टक! स्टेअरिंग वर गेलं. निघाले.

काय चालवली काकांनी गाडी! वळण नव्हतं तिथेही ते वळत होते. एका चौकात तर गोल चक्कर पुन्हा पुन्हा मारली, नुसतं स्टेअरिंग किती बिनबोभाट फिरतंय ते बघायला, तेव्हा पोलिसाने शिट्टी वाजवली. काकूंचा रुमाल खिडकीतून फडफडत होता. दोघं मोठमोठ्याने गात होते, तेही वेगवेगळी गाणी.

समुद्राला लागून गाड्या उभ्या करायचं एक मोठं मैदान होतं, सकाळच्या वेळी ओसाड. काकांनी तिथे महाराणी थांबवली. शब्द पाळला गेला होता. काका गाडी चालवत आले होते, काकू खिडकीशी होत्या, आणि समोर समुद्र होता. काकू बराच वेळ बघत राहिल्या. काका तिच्याकडेच बघत होते, त्यांना समुद्राची तेवढी घाई नव्हती. मग ते उतरले, पलीकडून वळसा घालून आले आणि काकूंचं दार उचलून उघडलं.

"सरक तिकडे."

"कुठे?"

"तिकडे, स्टेअरिंगमागे. उशी घे."

काकू सरकल्या. काकांनी वाकून स्टेअरिंग खाली दाबलं. टक, टक, टक. अगदी खालच्या खाचेपर्यंत.

"काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

काकू उशीवर ताठ बसल्या होत्या, दोन्ही हात स्टेअरिंगवर. "समुद्र," त्या म्हणाल्या. "अहो, अख्खा समुद्र दिसतोय."

मग पुढचा तासभर त्या मैदानात जो काही गोंधळ झाला तो विचारू नका. महाराणी कधी बेडकासारखी उड्या मारे, कधी मध्येच ठप्प होऊन उभी राही. काका ओरडत होते, "क्लच! अगं क्लच! तो नव्हे, तो ब्रेक!" काकू किंचाळत होत्या आणि हसत होत्या आणि मैदानभर गोल गोल फिरवत होत्या. मधूनच त्यांनी हॉर्नवर हात ठेवला आणि दाबूनच धरला. पींऽऽऽ! वाळूतले सगळे पक्षी उडाले.

"अगं पुरे! लोक काय म्हणतील!"

"म्हणू देत! वर्षभर तुमच्या पोटाने वाजवला, आता माझी पाळी!"

दमल्यावर त्यांनी गाडी थांबवली आणि टोपली ओढून घेतली. पाव काढला, मोठा लचका तोडला, तोंड भरून चावत समोर समुद्राकडे बघत राहिल्या. काकांनी सवयीने आपला पाव हातात घेतला आणि पहिला घास घ्यायला तोंड उघडलं, तर काकूंचा अर्धा पाव संपलेलाही होता. त्यांनी काकांच्या हाताकडे पाहिलंच नव्हतं. गालाला चुरा लागलेला, केस उडालेले, त्या खातच होत्या. आपला संपल्यावर त्यांनी न बघताच काकांच्या हातातला पाव घेतला आणि तोही खाऊ लागल्या. काका रिकामे हात पोटावर ठेवून बसले. या पोटाला आता काही कामच उरलं नव्हतं. त्यांना हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी कधी वाहायला लागलं ते त्यांनाही कळलं नाही.

"काय झालं?" काकूंनी भरल्या तोंडाने विचारलं. मग हातातल्या पावाकडे पाहिलं. "अगंबाई! हा तुमचा होता ना? तुम्ही काही खाल्लंतच नाही!"

"मला भूक नाही," काका म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदाच ते असं म्हणाले होते, आणि काकूंचं तोंड चालूच राहिलं.

त्यांनी शेवटचा घास संपवला, हात झटकले आणि किल्ली फिरवली.

"नीट बसा," काकू म्हणाल्या. "अजून एक चक्कर मारते."